पिवळी पिन कुठं खोचायची?

लॅमिंग्टन रोडवरच्या एका चिंचोळ्या दुकानाच्या काउंटरवर दोन काळे डबे शेजारी शेजारी ठेवले होते. आकार साबणाच्या वडीएवढा. एका बाजूला लाल, पांढऱ्या, पिवळ्या पिनांची भोकं, दुसऱ्या बाजूला एचडीएमआयचं चपटं भोक. "यातून त्यात, की त्यातून यात?" दुकानदारानं मोबाइलवरून नजर न काढता विचारलं. प्रश्न मला कळला नव्हता, पण मागे गिऱ्हाइकं ताटकळत होती, म्हणून मी ठामपणे "त्यातून यात" म्हणालो. घरी येऊन जुनं प्लेस्टेशन 2 जोडलं, टीव्ही लावला आणि "सिग्नल नाही" ही पाटी अर्धा तास बघत बसलो. मग चष्मा लावून डब्यावरची बारीक अक्षरं वाचली. तो डबा एचडीएमआयचं एव्ही करणारा होता. मला हवं होतं नेमकं उलटं. तो परत करायला पुन्हा ग्रँट रोडला जाण्याइतका उत्साह उरला नव्हता, त्यामुळे डबा खणात गेला.

जुना व्हिडिओ गेम नव्या टीव्हीला जोडायचा म्हटलं की सगळे आधी वायर शोधायला लागतात. वायर मिळते, चित्रही येतं. पण ते मळकट असतं, दोन्ही बाजूंनी ताणलेलं असतं, आणि बटण दाबल्यावर मारिओ जरा विचार करून उडी मारतो. लहानपणी हा गेम असा नव्हता, हे मनाला पटलेलं असतं. मग आपण वयाला दोष देतो. दोष वयाचा नाही. जुनं यंत्र काय बोलतं आणि नवा टीव्ही काय ऐकतो, यात सगळी मेख आहे. म्हणून वायर थोडा वेळ बाजूला ठेवू.

डबा टीव्हीत, म्हणजे पिक्चर ट्यूबवाल्या टीव्हीत, अख्खं चित्र असं कधी नसायचंच. इलेक्ट्रॉनचा एक झोत असायचा. तो काचेच्या आतल्या फॉस्फरवर डावीकडून उजवीकडे एक ओळ आखायचा, मग तिच्या खालची, मग तिच्या खालची. दूरदर्शननं घेतलेल्या पद्धतीत चित्राला 625 ओळी आणि सेकंदाला 25 चित्रं. अमेरिका-जपानात 525 ओळी आणि जवळपास 30 चित्रं. पण सगळ्या ओळी एका दमात आखून सेकंदाला एवढीच चित्रं दाखवली तर पडदा लुकलुकतो. म्हणून काम दोन हप्त्यांत वाटलं होतं: एका खेपेत एकाआड एक ओळी, दुसऱ्या खेपेत मधल्या राहिलेल्या. आता 625 चे दोन भाग केले की येतात 312.5. ही शेवटची अर्धी ओळच खरी कारागिरी आहे. झोत अर्ध्या ओळीवरून वर परततो, आणि त्यामुळेच पुढच्या खेपेला तो आधीच्या ओळींवर न पडता त्यांच्या मधल्या फटीत उतरतो.

गेम बनवणाऱ्यांनी काय केलं, तर ती अर्धी ओळ गाळून टाकली. 312.5 च्या जागी 312; अमेरिकी-जपानी यंत्रांत 262.5 च्या जागी 262. झालं! झोत दर खेपेला त्याच जागी परतू लागला, त्याच ओळी पुन्हा आखू लागला आणि मधल्या फटी काळ्याच राहिल्या. चित्रात ओळी निम्म्या, पण सेकंदाला 50 किंवा 60 पूर्ण चित्रं, आणि तीही न थरथरता. आज ज्याला 240 पी म्हणतात तो हा प्रकार. 1983 साली जपानात निघालेल्या निन्टेंडोच्या फॅमिकॉमपासून 1994 च्या पहिल्या प्लेस्टेशनपर्यंतचे बहुतेक गेम याच युक्तीवर चालले. टीव्हीच्या प्रक्षेपणात असं चित्र कधीच येत नव्हतं. पण ट्यूब बिचारी येईल तो इशारा पाळायची, म्हणून ते खपून गेलं.

नव्या टीव्हीत झोत नाही. तिथं 1080 किंवा 2160 ओळींत ठिपके कायमचे बसवलेले आहेत. असा टीव्ही आधी पूर्ण चित्र साठवतो, मापात बसवतो, घासूनपुसून घेतो आणि मग दाखवतो. त्याच्या लेखी पिवळ्या पिनेतून येणारं प्रत्येक चित्र हे प्रक्षेपणाचं, म्हणजे दोन हप्त्यांतलं असणार. त्यामुळे 240 पी आलं की तो दोन वेगळ्या क्षणांची दोन वेगळी चित्रं एकाच चित्राचे दोन हप्ते समजतो आणि त्यांची वीण घालत बसतो. जुन्या गेममध्ये मार बसला की हिरो काही क्षण लुकलुकतो. एका चित्रात असतो, पुढच्यात नसतो. डबा टीव्हीवर तो अर्धपारदर्शक दिसायचा. नव्या टीव्हीवर त्याच्या अंगाला कंगव्याचे दात फुटतात, नाहीतर तो सपशेल गायब होतो. अशाच लुकलुकण्यातून केलेल्या सावल्यांचीही तीच गत.

दुसरी अडचण वेळेची. सेकंदाला 60 चित्रं म्हणजे एकेक चित्र सुमारे 16.7 मिलिसेकंदांचं. टीव्हीनं चित्र घासूनपुसून दाखवण्यात अशी चार-पाच चित्रं घालवली तर सिनेमा बघताना काही कळत नाही, कारण आवाजही तेवढाच थांबवून ठेवलेला असतो. गेममध्ये मात्र बोट पुढे गेलेलं असतं आणि मारिओ खड्ड्यात. यावर उपाय टीव्हीतच असतो: गेम मोड. त्यात बहुतेक घासणंपुसणं बंद होतं आणि चांगल्या टीव्हीवर हा उशीर एखाद्या चित्राच्या आसपास येतो. हा मोड हातानं चालू करावा लागतो, आणि जो तो करत नाही त्यानं कितीही महागाची केबल घेतली तरी पैसे पाण्यात. काही टीव्ही एव्हीच्या भोकाला गेम मोड देतच नाहीत, फक्त एचडीएमआयला देतात. तेही आधी तपासावं.

तिसरी गोष्ट अगदी साधी, तरी सगळ्यात जास्त घरांत चुकलेली. जुनं चित्र 4:3 मापाचं. ते 16:9 पडद्यावर ताणून भरलं की सचिन आडवा होतो आणि चेंडू अंड्यासारखा. रिमोटवर पिक्चर साइज नावाचं बटण असतं. ते दाबून 4:3 करावं आणि दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या मान्य कराव्यात. घरातले लोक "अर्धा टीव्ही वाया गेला" म्हणतात. म्हणू द्यावं.

आता वायरी. सगळ्यात खालच्या पायरीवर अँटेनाची वायर. नव्वदच्या दशकात आपल्याकडे फॅमिकॉमच्या ज्या नकला घरोघरी होत्या, मीडिया कंपनीच्या लिटल मास्टरसारख्या, त्या छोट्या डबीतून अँटेनाच्या भोकात जात आणि मग कुठल्यातरी चॅनेलवर मुंग्यांतून मारिओ बाहेर येई. नव्या टीव्हीला अँटेनाचं भोक अनेकदा असतं, पण आपोआप चॅनेल शोधताना तो हा अशक्त सिग्नल ओलांडून पुढे जातो. हातानं ट्यूनिंग करावं लागतं. सुदैवानं यातल्या बऱ्याच यंत्रांना कडेला एव्हीची भोकंही असतात. ती असतील तर अँटेनाच्या वाटेला जाऊ नये.

पिवळी पिन ही दुसरी पायरी. तिच्या एकाच तारेत चित्राचा उजेड-अंधार आणि रंग दोन्ही कालवलेले असतात. टीव्ही ते पुन्हा वेगळे काढतो, पण पिठात मिसळलेलं मीठ वेगळं काढावं तितपतच. म्हणून लाल रंग कडेला सांडतो आणि अक्षरांच्या काठावर ठिपके चालताना दिसतात. एस-व्हिडिओत उजेड आणि रंग वेगळ्या तारांनी येतात, चित्र एकदम खुलतं. पण ते गोल भोक नव्या टीव्हीवरून जवळजवळ नामशेष झालंय. युरोपात स्कार्ट नावाचा रुंद प्लग होता, त्यातून लाल, हिरवा, निळा हे तिन्ही रंग स्वतंत्र येत. तिकडचे षौकीन आजही त्यावर जीव टाकतात. आपल्या टीव्हींना तो प्रकार कधी रुळलाच नाही, त्यामुळे त्याचं दुःखही नाही. आपल्यासाठी वरची पायरी म्हणजे कॉम्पोनंट: हिरवी, निळी, लाल अशा चित्राच्या तीन पिना आणि शिवाय आवाजाच्या लाल-पांढऱ्या दोन. यात दोन लाल पिना असतात हे लक्षात ठेवावं; अर्ध्या तक्रारी तिथंच मिटतात.

टीव्हीच्या पाठीमागं मात्र आणखी एक गुंता असतो. जागा वाचवायला बऱ्याच टीव्हींनी पिवळ्या आणि हिरव्या पिनेचं भोक एकच केलं. शेजारी कधी अर्धं हिरवं, अर्धं पिवळं वर्तुळ असतं, कधी फक्त हिरवं. पिवळी पिन त्या हिरव्या भोकात खोचायची आणि टीव्हीवर सोर्स एव्ही निवडायचा. चुकून कॉम्पोनंट निवडला तर चित्र स्वच्छ येतं, पण काळं-पांढरं. माझ्या एका मित्रानं एवढ्यावरून प्लेस्टेशन बिघडलं असं ठरवून ते दुरुस्तीला टाकलं होतं. त्याहून नवे टीव्ही ही भोकंही ठेवत नाहीत. तिथं हेडफोनसारखं एक 3.5 मिलिमीटरचं भोक असतं आणि शेजारी बारीक अक्षरांत एव्ही इन. त्यात जाणारी केबल टीव्हीबरोबर आलेली असते आणि बहुतेक घरांत ती खोक्यासकट रद्दीत गेलेली असते. बाजारातून दुसरी आणली तर ती जुळेलच असं नाही, कारण त्या पिनेवर चार कडी असतात आणि कुठल्या कड्याला चित्र, कुठल्याला आवाज, कुठल्याला अर्थिंग, हा क्रम सगळीकडे सारखा नाही. चित्राऐवजी गुणगुण ऐकू आली तर पिवळी, लाल, पांढरी आलटून पालटून लावून बघावी. एखाद्या अदलाबदलीत चित्र येतं. अर्थिंगची तारच भलत्या कड्यावर असेल तर मात्र केबल बदलण्यावाचून इलाज नाही.

आणि ज्या टीव्हीला यातलं काहीच नाही, नुसती एचडीएमआयची भोकं आहेत, तिथं तो काळा डबा. काही शे रुपयांत मिळतो. फक्त "यातून त्यात" मागायचा. त्यावर 720 आणि 1080 असा खटका असतो. लोक 1080 वर ठेवतात आणि चित्र सुधारलं असं समजतात. खरं म्हणजे त्या डब्याला 240 पी आणि हप्त्यांचं चित्र यातला फरक बहुधा कळत नाही, तोही वीण घालतो. वर चित्र ताणून 16:9 करतो, म्हणजे टीव्हीवरचं 4:3 चं बटणही कधी कधी हतबल होतं. आणि स्वतःचा थोडा उशीर जोडतो तो वेगळाच. माझं मत विचाराल तर एखाद्या रविवारी भाच्याला दाखवण्यापुरता तो ठीक आहे. त्यावर मन लावून खेळता येत नाही.

आपल्याकडे माळ्यावरून निघणारं यंत्र बहुतेक वेळा प्लेस्टेशन 2 असतं, म्हणून त्याच्यापाशी जरा थांबू. मार्च 2000 मध्ये जपानात आलेलं हे यंत्र जगभर 15 कोटींहून अधिक खपलं आणि जानेवारी 2013 पर्यंत बनत होतं. भारतात त्याचा मुक्काम इतका लांबला की 2009 साली इथल्याच कंपन्यांनी त्याच्यासाठी "हनुमान: बॉय वॉरियर" आणि कबड्डी, विटीदांडू असलेला "देसी अड्डा" असे गेम काढले, तेव्हा पुढचं प्लेस्टेशन बाजारात येऊन तीन वर्षं होत आली होती.

या यंत्राची चांगली बाजू अशी की कॉम्पोनंट चित्र त्याच्या पोटात मुळातच आहे. पाठीमागचं चपटं एव्ही मल्टी आउट भोक प्लेस्टेशन 3 लाही तेच आहे, त्यामुळे त्या यंत्राची कॉम्पोनंट केबल इथं बिनदिक्कत चालते. पण केबल बदलण्याआधी, पिवळी पिन अजून जोडलेली असताना, डिस्क न घालता यंत्र चालू करायचं. सिस्टीम कॉन्फिगरेशनमध्ये जायचं. तिथं कॉम्पोनंट व्हिडिओ आउट नावाची ओळ असते आणि तिच्यापुढे बहुधा आरजीबी असतं. ते बदलून वाय, सीबी, सीआर अशी अक्षरं असलेला पर्याय घ्यायचा. हे न करता हिरवी-निळी-लाल केबल लावली तर चित्र एकतर येत नाही किंवा हिरवट-जांभळं येतं, जणू सगळे खेळाडू पाण्याखाली आहेत. मागच्या भोकात थेट खोचायची बोटभर लांबीची जी एचडीएमआय पिन बाजारात मिळते, तिलाही हीच मांडणी लागते, कारण ती कॉम्पोनंटचंच चित्र उचलते. ही पिन त्या काळ्या डब्यापेक्षा चांगली, कारण निदान रंग आणि उजेड कालवण्याआधीचा माल ती घेते. पण बहुतेक वेळा ती चित्र मोठं करत नाही, आहे तसं पुढे ढकलते. बाकी काम टीव्हीवरच.

प्लेस्टेशन 2 चे बहुतेक गेम दोन हप्त्यांतलंच चित्र देतात, जे नव्या टीव्हीला निदान ओळखीचं असतं. काही गेम 480 पी देतात, म्हणजे पूर्ण चित्र एका दमात. त्यातल्या काहींत गेम सुरू होताना त्रिकोण आणि फुलीची बटणं दाबून धरली की तो पर्याय विचारला जातो. ग्रॅन टुरिस्मो 4 तर 1080 आयपर्यंत, म्हणजे 1080 ओळींच्या हप्त्यांतल्या चित्रापर्यंत, जातो. एक खड्डा मात्र आहे. याच यंत्रात पहिल्या प्लेस्टेशनची सीडी घातली की ती 240 पी बोलू लागते, आणि कॉम्पोनंटच्या भोकातून आलेलं 240 पी अनेक टीव्ही सरळ नाकारतात. मेनू दिसतो, सोनीचा लोगो दिसतो, आणि गेम सुरू होताक्षणी पडदा काळा. लोकांना सीडी खराब झाल्यासारखी वाटते. तिथं पुन्हा पिवळ्या पिनेकडे परतावं लागतं, म्हणून ती केबल फेकू नये.

बाकीच्यांचं पटकन उरकू. निन्टेंडोच्या वी या यंत्राला एचडीएमआय नाही, पण कॉम्पोनंटमधून ते 480 पी देतं आणि त्यावर समाधान मानण्यासारखं आहे. मूळ एक्सबॉक्सही कॉम्पोनंटवर उत्तम, त्यातले काही गेम तर 720 पी देतात. 2005 च्या पहिल्या एक्सबॉक्स 360 ना एचडीएमआय नव्हतं, 2007 पासून आलं. प्लेस्टेशन 3 ला पहिल्या दिवसापासून आहे; त्याच्या मालकांनी हा लेख वाचायचं कारण नाही. सेगाचं ड्रीमकास्ट कॉम्प्युटरच्या व्हीजीए मॉनिटरला जोडता येई आणि तिथं त्याचं चित्र आजही बघत राहावंसं वाटतं.

अमेरिकेतून आलेल्या यंत्रांचं वेगळं आहे. न्यू जर्सीच्या मावशीनं मुलं मोठी झाल्यावर जुना निन्टेंडो इकडे पाठवला, असं अनेक घरांत घडलंय. पूर्वी अशी यंत्रं आपल्या टीव्हीवर काळी-पांढरी दिसत किंवा चित्र वरखाली लोळत राही, कारण तिकडची रंगपद्धत वेगळी आणि खेपा 50 ऐवजी 60. या बाबतीत नवा टीव्ही जुन्यापेक्षा सरस. तो दोन्ही पद्धती निमूटपणे घेतो. एवढंच नव्हे, तर पुष्कळसे जुने गेम आपल्याकडच्या 50 च्या चालीवर सहाव्या हिश्श्यानं मंद चालत, ते तिकडच्या यंत्रावर मूळ वेगानं धावतात. पण अडॅप्टर 120 व्होल्टचा असतो. तो आपल्या 230 व्होल्टच्या भोकात घातला की एक बारीकसा आवाज येतो, थोडा वास येतो आणि प्रश्न कायमचा मिटतो. मध्ये व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लावा किंवा मूळ अडॅप्टरवर लिहिलेला आउटपुट वाचून तसाच दुसरा घ्या. तो वाचतानाही डोळे उघडे ठेवा: पहिल्या अमेरिकी निन्टेंडोचा अडॅप्टर 9 व्होल्ट एसी देतो, डीसी नाही.

यापुढचा प्रदेश भक्तांचा. टीव्हीला 240 पी नीट कळत नाही ना, मग मध्ये असं यंत्र बसवायचं ज्याला ते कळतं. जपानच्या मायकॉमसॉफ्टचं फ्रेममाइस्टर हे बरीच वर्षं या पंथाचं दैवत होतं; आता ते बनत नाही. मग फिनलंडच्या मार्कुस हिएनकारी यांनी ओएसएससी आणलं, ज्याचा आराखडा सगळ्यांना खुला आहे. त्याची कल्पना मला फार आवडते. ते पूर्ण चित्र साठवण्याच्या फंदातच पडत नाही. एक ओळ आली की तीच दोनदा, तिनदा, पाचदा पुढे पाठवतं, म्हणून उशीर जवळजवळ शून्य. जुन्या झोताच्या चालीनंच ते चालतं. तोटा असा की त्यातून निघणारं चित्र काहीसं आडमुठं असतं आणि काही टीव्ही ते घेत नाहीत. अमेरिकेतल्या माइक ची यांची रेट्रोटिंक यंत्रं जास्त समजूतदार आहेत. त्यातलं 5 एक्स 2021 मध्ये आलं आणि 4 के 2023 च्या अखेरीस, तेव्हा किंमत 750 डॉलर.

एवढे पैसे कशासाठी, याचं उत्तर एका गुणाकारात आहे. 240 ला 1080 मध्ये बसवायचं तर साडेचारानं गुणावं लागतं. अर्धा ठिपका दाखवता येत नाही, म्हणून काही ओळी जाड होतात, काही बारीक, आणि पडदा सरकू लागला की चित्र लाटेसारखं हलतं. 2160 मध्ये मात्र 240 बरोबर नऊ वेळा बसतात. प्रत्येक जुन्या ओळीला नऊ नव्या ओळी मिळाल्या की त्यातल्या दोन-तीन काळ्या ठेवून जुन्या फटीसुद्धा दाखवता येतात, फॉस्फरचे लाल-हिरवे-निळे कणही रंगवता येतात. म्हणजे सर्वांत नवा टीव्ही सर्वांत जुन्या टीव्हीची नक्कल मधल्या पिढीपेक्षा चांगली करतो. ज्यांना एवढा खर्च नको आणि हातात सोल्डरिंग गन धरता येते, त्यांच्यासाठी जीबीएस 8200 नावाचा स्वस्त बोर्ड आहे. मुळात तो आर्केडच्या दुकानांतल्या यंत्रांसाठी. त्यावर एक छोटी वायफायची चिप जोडून जीबीएस कंट्रोल नावाचा फुकट प्रोग्राम घातला की तो आपल्या लायकीच्या कितीतरी पुढे जातो. आपल्या जुगाडू स्वभावाला मानवणारा हाच मार्ग, असं मला वाटतं.

यंत्र उघडून आत एचडीएमआयचा बोर्ड बसवणारेही आहेत. चित्र अप्रतिम येतं, कारण रंग तारेत उतरण्याआधीच उचलले जातात. पण त्यासाठी केसाएवढे टाके मारावे लागतात, आणि चाळीस वर्षांच्या यंत्राच्या कवचाला भोक पाडायचं माझं धाडस होत नाही. त्यापेक्षा ज्यांना फक्त गेम हवाय, जुनं यंत्र नकोय, त्यांनी एनालॉगच्या सुपर एनटीसारखी, मूळ चिपचं वागणं हुबेहूब उतरवणारी नवी यंत्रं बघावीत, नाहीतर कॉम्प्युटरवर जुन्या यंत्राचं सोंग घेणारा साधा एम्युलेटर. तिथं वायरीचा प्रश्नच उरत नाही.

काही गोष्टी मात्र कुठल्याही किमतीत जोडल्या जात नाहीत. त्या नकली यंत्रांबरोबर यायची ती बंदूक आठवते? बदकं मारायची? त्या बंदुकीतून काहीच सुटत नसे. उलट तिच्या नळीत एक डोळा होता. घोडा ओढला की पडदा एका चित्रापुरता पूर्ण काळा होई आणि पुढच्या चित्रात बदकाच्या जागी पांढरा चौकोन येई. दोन बदकं असली की एकामागून एक दोन चौकोन. बंदुकीच्या डोळ्याला आधी अंधार आणि मग ठरलेल्या क्षणी उजेड दिसला तर नेम बरोबर. कुठल्या चित्रात उजेड दिसला यावरून कुठलं बदक, तेही कळे. सगळा कारभार उजेड नेमका कुठल्या क्षणी दिसला यावर. नव्या टीव्हीवर तो पांढरा चौकोन दोन-तीन चित्रं उशिरा उमटतो, तोवर यंत्रानं निकाल देऊन टाकलेला असतो. शिवाय त्या डोळ्याची सर्किट झोताच्या विशिष्ट लयीत चमकणाऱ्या उजेडालाच ओळखते, एलईडीच्या स्थिर उजेडाला नाही. बंदूक अगदी पडद्याला टेकवली तरी बदक मरत नाही आणि गेममधला कुत्रा हसतो. कॅमेरा लावलेल्या नव्या बंदुका निघाल्या आहेत, पण त्या बहुतेक जुन्या यंत्राला नव्हे, कॉम्प्युटरला जोडायच्या.

म्हणूनच डबा टीव्ही सांभाळून ठेवणारे वेडे नाहीत. सोनिक गेममधला धबधबा उभ्या रेषा एकाआड एक सोडून काढलेला होता. पिवळ्या पिनेच्या सांडलेल्या रंगांत त्या रेषा एकमेकींत विरघळत आणि पाणी पारदर्शक दिसे. महाग यंत्रातून तोच धबधबा बघितला तर मच्छरदाणी दिसते. चित्रकारांनी ट्यूबचे दोष धरूनच रंग लावले होते. या ट्यूबांचे टीव्ही एकेकाळी आपल्या दाराशी बनत. तेव्हाच्या औरंगाबादजवळच्या चितेगावला व्हिडिओकॉनचा मोठा कारखाना होता, आणि 2005 मध्ये, जग चपट्या पडद्यांकडे निघालेलं असताना, त्या कंपनीनं फ्रान्सच्या थॉमसनचा अख्खा पिक्चर ट्यूबचा धंदा विकत घेतला. आज ते टीव्ही भंगारवाल्याकडे किलोच्या भावानं जातात. मिळाला तर एकवीस इंचांपर्यंतचा घ्या. त्यावरचा उचलायला दोन माणसं लागतात. आणि पाठ उघडू नका. बंद टीव्हीच्या ट्यूबमध्येही काही हजार व्होल्ट दबा धरून बसलेले असू शकतात.

माझ्या घरी शेवटी असं ठरलं: बैठकीच्या खोलीत प्लेस्टेशन 2 कॉम्पोनंट केबलनं, गेम मोड चालू, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या. आणि आईच्या खोलीत तिचा जुना एकवीस इंची डबा टीव्ही, जो केबलवाल्यानं सेट टॉप बॉक्स काढून नेल्यापासून नुसता बसून होता. मागच्या महिन्यात खणातला तो चुकीचा डबा मला सापडला. लॅपटॉपची एचडीएमआय त्यात घातली, डब्यातून तीन पिना टीव्हीत, आणि लॅपटॉपवर जुना गेम लावला. आधी चित्र काळं-पांढरं आलं. डब्याच्या कडेला एनटीएससी, म्हणजे अमेरिका-जपानची, आणि पाल, म्हणजे आपली पद्धत, असा खटका होता, तो पालवर सरकवला आणि रंग भरले. डबा हप्त्यांचंच चित्र देतो, 240 पी नाही, त्यामुळे ओळी किंचित थरथरतात, उशीरही होतो. पण काच फुगीर आहे, आवाज समोरच्या जाळीतून येतो, आणि बंद केला की मधोमध एक ठिपका थोडा वेळ राहतो. आई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "यावर मालिका दिसत असतील तर तो लॅपटॉप इथंच राहू दे."